मेंढ्यांचे औषधी स्नान : बाटली उघडणाऱ्या हातांची काळजी

पावसाळ्याच्या अखेरीस माण, खटाव, आटपाडी, जत, पारनेर, संगमनेर अशा पर्जन्यछायेतील तालुक्यांत मेंढ्यांच्या अंगावरील गोचीड, उवा आणि खरूज यांचा उपद्रव वाढलेला असतो. लोकर कातरली जाते, कळप दिवाळीनंतरच्या स्थलांतराच्या तयारीला लागतात आणि याच सुमारास वाड्यावाड्यांवर औषधाच्या बाटल्या उघडल्या जातात. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. बाह्य परजीवींपासून या मेंढ्यांचे रक्षण झाले नाही, तर रक्तक्षय, वजनातील घट, लोकरीची हानी आणि कोकरांची मरतूक असे नुकसान मेंढपाळाच्या पदरी पडते. त्यामुळे औषधी स्नान, म्हणजेच डिपिंग, ही कळपाच्या आरोग्य व्यवस्थापनातील उपयुक्त पद्धत आहे, याविषयी दुमत नाही.

मात्र, जे रसायन गोचिडाच्या मज्जासंस्थेवर आघात करते, ते माणसाच्या मज्जासंस्थेलाही अपाय करू शकते. मेंढी हौदात जेमतेम मिनिटभर असते. तिला धरणारा, बुडवणारा, पाणी ओढणारा आणि औषध मोजणारा माणूस मात्र सकाळपासून दुपारपर्यंत त्या द्रावणाच्या संपर्कात राहतो. औषधी स्नानाविषयीच्या बहुतेक माहितीपत्रकांत मेंढीची मात्रा तपशिलाने दिलेली असते आणि माणसाच्या संरक्षणाला शेवटची एक ओळ मिळते. हा क्रम बदलणे आवश्यक आहे.

ब्रिटनचा अनुभव काय सांगतो?

मेंढ्यांच्या खरजेच्या नियंत्रणासाठी ब्रिटनमध्ये १९७६ ते १९९२ या काळात औषधी स्नान कायद्याने सक्तीचे होते. त्यासाठी डायझिनॉनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे मोठ्या प्रमाणावर वापरली जात. स्नानाच्या दिवसानंतर डोकेदुखी, अंगदुखी, थकवा आणि मळमळ जाणवणे ही तेथील मेंढपाळांच्या दृष्टीने नित्याची बाब झाली होती. या त्रासाला ‘डिपर्स फ्लू’ असे नावही पडले. साध्या तापासारखी वाटणारी ही लक्षणे अनेकदा विषबाधेची होती, हे ओळखण्यास फार काळ गेला.

१९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४६ मेंढपाळांची तुलना दगडखाणींत काम करणाऱ्या १४३ कामगारांशी करण्यात आली. एकाग्रता आणि माहिती ग्रहण करण्याचा वेग यांच्या चाचण्यांत मेंढपाळांची कामगिरी कमी दिसली. त्यानंतर १९९९ मध्ये एडिनबर्ग येथील व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेच्या अभ्यासाने आणखी महत्त्वाची बाब पुढे आणली. मज्जासंस्थेच्या तक्रारींचा सर्वांत ठळक संबंध हौदातील पातळ द्रावणापेक्षा मूळ तीव्र औषध हाताळण्याशी होता. बाटली उघडणे, औषध मोजणे आणि ते हौदात ओतणे ही काही क्षणांचीच कामे; परंतु धोक्याचा मोठा भाग त्यांतच सामावलेला होता. या निष्कर्षानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनने ऑर्गॅनोफॉस्फेट स्नान-औषधांची विक्री तात्पुरती थांबवली आणि हाताला स्पर्श न होता औषध ओतता येईल अशा रचनेची पात्रे तयार करणे उत्पादकांना भाग पडले.

महाराष्ट्राला या प्रश्नाची वेगळ्या मार्गाने ओळख झाली. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. संरक्षक साधनांचा अभाव, औषधांची मनमानी मिश्रणे आणि लक्षणांकडे झालेले दुर्लक्ष यांची तेव्हा राज्यभर चर्चा झाली. कपाशीच्या शेतातून मिळालेला हा धडा मेंढ्यांच्या वाड्यालाही तितकाच लागू आहे.

पहिला प्रश्न : स्नान आवश्यक आहे का?

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनात उपायांचा निश्चित क्रम आढळतो. स्नान टाळता येईल का, हे प्रथम पाहावे. टाळता येत नसेल, तर कमी धोक्याचे औषध निवडावे. त्यानंतर शिंतोडे आणि स्पर्श कमी होईल अशी कामाची मांडणी करावी. हातमोजे आणि एप्रन यांचा क्रमांक सर्वांत शेवटी येतो. हातमोजे घातले की सर्व काही सुरक्षित झाले, हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

आवश्यकता ठरवण्यासाठी परजीवीची ओळख पटली पाहिजे. लोकर बाजूला सारली असता गोचीड आणि उवा डोळ्यांना दिसतात. खरजेचे किडे मात्र सूक्ष्म असल्याने त्वचेचा खरवडा पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावा लागतो. खरजेवर आयव्हरमेक्टिनचे त्वचेखाली दिले जाणारे इंजेक्शन हा उपाय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरता येतो. त्यात हौद नसतो, शिंतोडे नसतात आणि उरलेल्या द्रावणाचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र लोकर व त्वचा कुरतडणाऱ्या उवांवर या इंजेक्शनचा पुरेसा परिणाम होत नाही. निदान न करता औषध निवडल्यास पैसा आणि श्रम दोन्ही वाया जातात.

गोचिडाच्या जीवनक्रमाचा विचारही येथे उपयोगी पडतो. गोचिडाची मादी अंडी घालण्यासाठी जनावराच्या अंगावरून उतरते आणि भिंतींच्या फटी, दगडांचे सांधे, कोरडे शेण यांचा आसरा घेते. फिरता वाडा दर एक-दोन दिवसांनी जागा बदलत असल्याने हा जीवनक्रम काही प्रमाणात आपोआप खंडित होतो. पावसाळ्यात मूळ गावच्या कायम कोटात कळप महिनोन्‌महिने बसतो, तेव्हा गोचिडांची संख्या वाढते. म्हणून कोटातील लेंड्या वेळोवेळी काढणे, भिंतींच्या फटी लिंपणे आणि शक्य असल्यास बसण्याची जागा आलटून-पालटून वापरणे, या उपायांनी औषधाची गरज निश्चितच कमी होते.

औषधाची निवड : पिकाचे औषध मेंढीला नको

आपल्याकडे मेंढ्यांसाठी प्रामुख्याने सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ ही औषधे वापरली जातात. भारत सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातलेल्या १८ कीटकनाशकांच्या यादीत डायझिनॉन आणि फेन्थिऑन यांचा समावेश होता. कृषी सेवा केंद्रातून किंवा जुन्या साठ्यातून मिळालेली कोणतीही बाटली ‘गोचिडावर चालते’ एवढ्या ऐकीव माहितीवर वापरणे धोक्याचे आहे.

पिकांवरील कीटकनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली, तर पशुवैद्यकीय औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात. हा फरक केवळ कागदोपत्री नाही. पिकासाठीच्या औषधातील द्रावक जनावराच्या त्वचेचा विचार करून निवडलेला नसतो आणि त्याच्या लेबलवर मेंढीसाठीची मात्राही नसते. सायपरमेथ्रिनचेच उदाहरण घेता येईल. लेबलनुसार १० टक्के तीव्रतेचे पशुवैद्यकीय औषध प्रतिलिटर १ मिलि घ्यावयाचे असेल, तर द्रावणात दशलक्षात १०० भाग औषध येते. त्याऐवजी पिकासाठीचे २५ टक्के तीव्रतेचे औषध तेवढेच घेतले, तर मात्रा २५० भागांवर, म्हणजे अडीचपट जाते. बाटलीवरील नाव सारखे असले, तरी आतील तीव्रता सारखी असतेच असे नाही.

अमिट्राझविषयी फिरत्या मेंढपाळांना विशेष सूचना देणे आवश्यक आहे. संसार वाहून नेणाऱ्या घोड्यांवर हे औषध कदापि वापरू नये. घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावून त्याला प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो. मेंढ्यांचे उरलेले द्रावण ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून घोड्याच्या अंगावर ओतणे, हा अशा दुर्घटनेचा सरळ मार्ग आहे. तसेच एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास गोचिडांत प्रतिकारशक्ती निर्माण होते. अपेक्षित परिणाम दिसत नसेल, तर मात्रा वाढवण्याऐवजी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलावा.

मात्रा आणि मिश्रण

बाटलीच्या टोपणाने औषध मोजण्याची पद्धत सर्वत्र आढळते. टोपणाचे माप निश्चित नसते आणि त्यातून औषध बोटांवर सांडते. तीव्र औषध हाताळतानाचा धोका सर्वाधिक असल्याने खुणा केलेले मोजपात्र वापरावे आणि ते केवळ याच कामासाठी राखून ठेवावे. हौदाचे आकारमान आधीच मोजून त्यावर पाण्याच्या पातळीची खूण करावी. ४०० लिटर पाणी आणि प्रतिलिटर १ मिलि मात्रा असल्यास ४०० मिलि औषध लागेल. असा हिशेब कामाच्या आदल्या दिवशीच कागदावर मांडून ठेवावा. प्रथम थोड्या पाण्यात औषध मिसळून नंतर ते हौदात ओतावे आणि काठीने ढवळावे. हाताने कदापि ढवळू नये. औषध ओतताना वाऱ्याकडे पाठ असावी आणि एकाच जाणत्या प्रौढ व्यक्तीने हे काम करावे.

कातरलेली मोठी मेंढी निथळल्यानंतरही साधारणपणे एक ते दोन लिटर द्रावण अंगावर घेऊन जाते. त्यानुसार ५० मेंढ्यांनंतर हौदातील ५० ते १०० लिटर द्रावण कमी झालेले असते. काही औषधे लोकरीतील स्निग्धांशाला चिकटत असल्याने शिल्लक द्रावणाची तीव्रताही घटते. अशा वेळी नुसते पाणी घालून पातळी भरून काढल्यास शेवटच्या मेंढ्यांना अपुरे औषध मिळते आणि अपुऱ्या औषधातून वाचलेले परजीवी पुढे अधिक चिवट होतात. पुनर्भरणाची मात्रा लेबलवर स्वतंत्रपणे दिलेली असल्यास तीच पाळावी.

स्नानाचा दिवस

कातरणीनंतर दोन ते तीन आठवड्यांनी, जखमा भरून आल्यावर आणि लोकर थोडी वाढल्यावर स्नान द्यावे. दिवस कोरडा व उन्हाचा निवडावा आणि काम सकाळी सुरू करावे, म्हणजे संध्याकाळपूर्वी मेंढ्या पूर्ण वाळतात. सकाळच्या गारव्यात संरक्षक कपडे घालून काम करणेही माणसाला सुसह्य होते. तहानलेली मेंढी हौदातील द्रावण पिते, म्हणून आधी तिला पोटभर पाणी पाजावे. चरून नुकत्याच आलेल्या किंवा चालून धापा टाकणाऱ्या मेंढ्यांना विश्रांती द्यावी. आजारी, जखमी, गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यातील मेंढ्या आणि लहान कोकरे यांना हौदात उतरवू नये; त्यांच्यासाठी पशुवैद्यकाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा.

संपूर्ण कळपाला स्नान देण्यापूर्वी दोन-तीन मेंढ्यांवर औषध वापरून काही काळ निरीक्षण करावे. खरजेसाठी मेंढी साधारण एक मिनिट द्रावणात राहावी लागते. डोके क्षणभर एक-दोनदा बुडवावे आणि नाका-तोंडात द्रावण जाणार नाही याची काळजी घ्यावी. त्यानंतर मेंढ्यांना निथळण्यासाठी उतार असलेल्या जागी थांबवावे आणि निथळणारे द्रावण हौदात परत येईल अशी व्यवस्था करावी. ओल्या मेंढ्या लगेच कुरणात किंवा पाणवठ्यावर सोडू नयेत.

ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात स्नान देण्याची रीत फिरत्या वाड्यांवर सोयीची ठरते. मात्र ताडपत्रीला भोके नाहीत, हे प्रथम साध्या पाण्याने तपासावे. पाठीवरच्या पंपाने फवारणी करायची असल्यास तो पंप तणनाशकासाठी वापरलेला नसावा. फवारणी वाऱ्याच्या दिशेने करावी आणि त्या वेळी नाका-तोंडाचेही संरक्षण करावे, कारण सूक्ष्म थेंब श्वासावाटे शरीरात जातात.

कपडे, हात आणि तंबाखू

सुती कपडा, फेटा आणि घोंगडी द्रावण शोषून घेतात आणि तासन्‌तास त्वचेला चिकटवून ठेवतात. कापडी व चामडी हातमोजे याच कारणाने निरुपयोगी ठरतात. नायट्रिल रबराचे कोपरापर्यंतचे हातमोजे, गमबूट, रबरी किंवा प्लास्टिकचा लांब एप्रन आणि औषध ओतताना चेहऱ्यावर पारदर्शक आवरण, एवढी साधने किमान असावीत. एप्रन गमबुटाच्या बाहेर राहील असा घालावा, म्हणजे द्रावण बुटात उतरत नाही. हातमोजे काढण्यापूर्वी ते हातात असतानाच साबणाने धुवावेत.

तंबाखू मळण्याची आणि मिसरी लावण्याची सवय या कामात विशेष घातक आहे. तळहातावर चुन्यासह मळली जाणारी तंबाखू हातावरचे औषध थेट तोंडात नेते. बिडी आणि चहा यांनाही हाच नियम लागू होतो. काम संपवून, साबणाने हात-तोंड धुऊन मगच काही खावे-प्यावे. कपडे बदलून अंघोळ करावी आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. हे धुणे बहुधा घरातील स्त्रियांकडे येते, म्हणून हातमोज्यांचा एक जोड त्यांच्यासाठीही हवा. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना स्नानाच्या जागेपासून पूर्णपणे दूर ठेवावे.

विषबाधेची लक्षणे आणि तातडीचे उपाय

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधांनी लाळ व घाम सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, मळमळ, पोटात मुरडा, छाती भरून येणे आणि स्नायू फडफडणे अशी लक्षणे दिसतात. सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिनमुळे चेहऱ्यावर आणि हातांवर मुंग्या येतात व जळजळ होते. अमिट्राझ पोटात गेल्यास गुंगी येते, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. कामानंतरची साधी डोकेदुखी किंवा अंगदुखीसुद्धा ‘थकवा असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये.

लक्षणे दिसताच व्यक्तीला स्नानाच्या जागेपासून दूर न्यावे, भिजलेले कपडे काढावेत आणि त्वचा भरपूर पाणी व साबणाने धुवावी. डोळ्यांत औषध गेले असल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. औषध पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. औषधातील द्रावक फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. रुग्णालयात जाताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यावे, कारण उपचार गटागणिक वेगळे असतात. ऑर्गॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिनसारखे प्रतिविष उपलब्ध आहे, तर सायपरमेथ्रिन व अमिट्राझ यांवर विशिष्ट प्रतिविष नाही. दिल्ली येथील एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांनाही उपयुक्त ठरतो. जनावरांच्या तातडीच्या सेवेसाठी १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

उरलेले द्रावण आणि रिकामी बाटली

सायपरमेथ्रिनसारखी औषधे मासे आणि पाण्यातील कीटक यांना अत्यंत विषारी असतात. नद्यांच्या प्रदूषणामुळे ब्रिटनने २००६ मध्ये सायपरमेथ्रिनयुक्त मेंढी-स्नान औषधांचे परवाने स्थगित केले. आपल्याकडे वाडा बहुधा ओढा, कालवा किंवा पाझर तलावाजवळ पडतो आणि अनेक तलावांत मत्स्यपालन केले जाते. म्हणून स्नानाची जागा पाणवठ्यापासून दूर निवडावी आणि कळपाच्या संख्येनुसार आवश्यक तेवढेच द्रावण तयार करावे. उरलेले द्रावण ओढ्यात, कालव्यात, विहिरीजवळ किंवा एकाच खड्ड्यात ओतू नये. दख्खनच्या मुरमाड जमिनीतून आणि भेगाळलेल्या खडकातून ते विहिरीपर्यंत पोहोचू शकते. स्थानिक पशुवैद्यकीय व कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, पावसाची शक्यता नसताना, जनावरे चरत नाहीत अशा सपाट पडीक जमिनीवर ते पातळ करून विरळ पसरावे.

रिकामी बाटली स्नानापूर्वीच तीन वेळा विसळून ते पाणी हौदात घालावे. नंतर तिला छिद्र पाडावे, म्हणजे तिच्यात तेल किंवा पिण्याचे पाणी भरण्याचा मोह होणार नाही.

स्नानाची तारीख आणि औषधाचे नाव लिहून ठेवावे. लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण होईपर्यंत मेंढी कत्तलीसाठी विकू नये आणि तिचे दूध वापरू नये. बकरी ईद किंवा जत्रांच्या बाजाराचा विचार करून स्नानाचे वेळापत्रक आखल्यास आर्थिक अडचण येत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांची भूमिका

एका कुटुंबाने नायट्रिल हातमोजे, एप्रन, मोजपात्र आणि चेहऱ्याचे आवरण यांचा संपूर्ण संच घेण्याऐवजी चार-पाच वाड्यांनी किंवा मेंढपाळांच्या गटाने तो मिळून घेणे परवडते. कातरणीच्या हंगामापूर्वी गावातच प्रात्यक्षिक घ्यावे आणि त्यात स्त्रियांचा सहभाग असावा. अशा प्रात्यक्षिकात औषधाऐवजी रंगीत पाणी वापरता येईल. काम संपल्यावर हातांवर, कपड्यांवर आणि फेट्यावर रंग कोठे कोठे उमटला आहे, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. लेबलवरील बारीक अक्षरे अनेकांना वाचता येत नाहीत, म्हणून मात्रा, प्रतीक्षा काळ आणि आपत्कालीन क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला एक पत्रा प्रत्येक वाड्याच्या सामानात असावा. स्थलांतरावर निघालेला कळप पुढचे काही महिने आपल्या गावच्या पशुवैद्यकापासून दूर असतो. त्या काळात हा पत्राच त्याच्या सोबतीला असेल.